मंचरच्या अंगणातील माडांची उस्तवार

पुणे–नाशिक महामार्गावर पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर असलेले मंचर हे आंबेगाव तालुक्यातील बाजारपेठेचे गाव सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येते. पश्चिमेला भीमाशंकरच्या डोंगरावर कोसळणारा पाऊस येथे पोचेपर्यंत बराच ओसरलेला असतो, आणि म्हणून या भागातील शेती पावसापेक्षा विहिरींवर, घोड नदीवर आणि डिंभे धरणाच्या कालव्यांवर अधिक अवलंबून आहे. अशा कोरड्या हवेत माड, म्हणजे नारळाचे झाड, आपण होऊन उगवत नाही. विहिरीचे आणि कालव्याचे पाणी, न्हाणीचे सांडपाणी आणि रोपवाटिकेतून आणलेले रोप यांच्या आधाराने तो येथील अंगणांत आला, आणि आज मंचर, अवसरी, कळंब, घोडेगाव या गावांत घराच्या कुंपणाआड दोनचार माड उभे असणे हे नेहमीचेच दृश्य झाले आहे. रोप आले, पाणी मिळाले, झाड वाढले; परंतु कोकणात ज्या माणसांच्या हाताखाली हे झाड वाढते त्यांची रीत मात्र रोपाबरोबर घाट चढून आली नाही, आणि घराभोवतीच्या माडांच्या साफसफाईत जे घोटाळे होतात त्यांचे मूळ बहुतांशी या एका गोष्टीत सापडते.

ही उणीव बोलीतही दिसते. कोकणात झाडाला माड, पानाला झावळी, फुलोऱ्यावरच्या होडीसारख्या आवरणाला पोय, फळांच्या घोसाला पेंड आणि फळावरच्या तंतुमय सालीला सोडण अशी वेगवेगळी नावे आहेत. देशावर, म्हणजे घाटमाथ्याच्या पूर्वेकडील मुलखात, झाड आणि फळ या दोहोंना नारळच म्हणतात आणि झावळीला सर्रास ‘फांदी’ म्हटले जाते. शब्दाची ही चूक किरकोळ वाटली तरी तिचा परिणाम थेट कोयत्यापर्यंत पोचतो. आंब्याची किंवा लिंबाची फांदी छाटली तर तिच्या खालच्या डोळ्यांतून नवे फुटवे येतात, झाड दाट होते, आणि छाटणी म्हणजे झाडाला नवा जोम देणे ही शेतकऱ्याची समजूत त्या झाडांपुरती खरीच असते. द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या बागांनी तर ती अधिकच पक्की केलेली आहे. माडाला मात्र फांदी नसतेच. जिला फांदी म्हटले जाते ते पंधरा ते अठरा फूट लांबीचे, दोनशे ते अडीचशे पात्यांचे एकच पान असते, आणि ते कापल्यावर त्या जागी दुसरे काहीही उगवत नाही.

माड, पोफळ, ताड, शिंदी ही सर्व झाडे एकदल वनस्पतींच्या एकाच कुळातील, म्हणजे ज्यांच्या बीजात एकच दल असते अशा गवत आणि ज्वारी यांच्या दूरच्या भाऊबंदांपैकी आहेत. त्यांच्या खोडात वर्षागणिक नवे लाकूड धरणारा थर नसतो, त्यामुळे खोड एकदा ज्या जाडीचे झाले त्याच जाडीचे राहते आणि त्याला झालेली जखम साल धरून भरून येत नाही. कोणी चढण्यासाठी खोडाला कोयत्याने खाच पाडली तर ती खाच झाड पडेपर्यंत तशीच राहते, पावसाचे पाणी धरून ठेवते, आणि पुढे याच खाचांतून तांबूस रस गळू लागतो, ज्याला खोडाचा रसगळ रोग म्हणतात. दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. नारळाचे सर्व जीवन शेंड्यातील एका कोंबावर टिकलेले असते; झावळ्यांच्या मध्यभागी दडलेला हा पांढरा, कोवळा गाभा मेला की शंभर फूट उंचीचे झाडही मेले, कारण बाजूने फुटायला त्याच्याकडे दुसरा डोळा नसतो.

या कोंबातून चांगल्या पोसलेल्या झाडावर साधारण महिन्याला एक याप्रमाणे नवी झावळी सुईसारखी सरळ वर येते, उलगडते, आणि पुढची अडीच ते तीन वर्षे हिरवी राहून हळूहळू खाली झुकत जाते. म्हणून पूर्ण वाढलेल्या निरोगी माडाच्या डोक्यावर कोणत्याही वेळी तीस ते चाळीस झावळ्या असतात, आणि वरून खाली पाहत गेले तर त्या झाडाचा मागील तीन वर्षांचा हिशेबच लिहून ठेवलेला दिसतो. प्रत्येक झावळीच्या बगलेत एक पोय येते. पोय फुटून फुलोरा बाहेर पडतो, त्यातील थोड्या मादीफुलांची फळे होतात, आणि फळ धरल्यापासून नारळ पक्व व्हायला जवळजवळ वर्ष लागते. या वर्षभरात वाढत जाणाऱ्या पेंडीचा भार तिच्या खालची झावळी आपल्या जाड देठावर तोलून धरते. ज्या झावळ्या खालून पाहणाऱ्याला लोंबत्या आणि जुन्या वाटतात, त्याच नेमक्या भरत आलेल्या पेंडींच्या उश्या असतात.

मंचरसारख्या गावात माड साफ करून घेण्याचे प्रसंग बहुधा झाडाच्या गरजेने ठरत नाहीत. घरात लग्न निघते, वास्तुशांत असते, दिवाळी तोंडावर येते, किंवा शेजाऱ्याच्या पत्र्यावर झावळी पडून कुरबूर होते, आणि मग चढणाऱ्याला निरोप जातो. पाचसहा गावांमागे हे काम येणारा असा एखाददुसराच माणूस असतो. तो दुचाकीवर दोर, कोयता आणि फडकी बांधून येतो, पायांत दोरीचा फास अडकवतो, खोडाला मिठी घातल्यासारखा धरून तळवे आणि हात आळीपाळीने सरकवत वर जातो. खाली उभे असलेले घरातले लोक त्याला ओरडून सांगत असतात ते बहुधा एकच असते: ‘दादा, चांगला साफ करा, परत वर्षभर बघायला नको.’ या एका वाक्यात सगळे नुकसान साठवलेले असते. वर्षभर बघायला नको म्हणून आज वाळलेली झावळी काढली जाते, पिवळी काढली जाते, उद्या पिवळी होईल अशी हिरवी काढली जाते, आणि शेवटी शेंड्याला आठदहा उभ्या झावळ्यांचा तुरा तेवढा उरतो. अंगण स्वच्छ दिसते, झाड नुकतीच हजामत केल्यासारखे नीटनेटके दिसते, घरमालक समाधानाने पैसे देतो. पुढच्या वर्षी पेंडी मधूनच मोडून लोंबतात, फळे लहान राहतात, आणि दोष पाण्याला किंवा खताला दिला जातो. तोवर साफसफाईची आठवणही कोणाला राहिलेली नसते.

वर पोचलेल्या माणसाला जे दिसते ते खालच्या माणसाला कधीच दिसत नाही, आणि म्हणून ते जवळून पाहण्यासारखे आहे. झावळीचा देठ खोडाला जेथे मिठी मारतो तेथे तपकिरी, विणलेल्या गोणपाटासारखी एक जाळी असते. ती झावळीबरोबरच वाढलेली असते आणि कोवळेपणी झावळीला बांधून ठेवण्याचे काम करते. या जाळीच्या आड सुकलेल्या पोयी, गळालेली कोवळी बोंडे, उंदरांनी पोखरलेली शहाळी, खारीने आणून टाकलेला काथ्या, पावसाने कुजलेला कचरा असे कितीतरी साठलेले असते, आणि क्वचित विंचूही निघतो. जाणता चढणारा हे सर्व हाताने उकरून काढतो; सुकलेल्या पोयी बुडाशी पिळून ओढतो, वाळलेली झावळी नुसती खाली दाबून पाहतो, आणि जी सहज सुटून येते तीच काढतो. जी सुटत नाही ती झाडाने अजून सोडलेली नाही, ही साधी कसोटी त्याच्या हाताला ठाऊक असते. कोवळ्या सुईभोवतीची जाळी मात्र तो ओरबाडत नाही, कारण ती निघाली की कोंब उघडा पडतो. कामाची खरी प्रत कोयत्यापेक्षा या हाताने केलेल्या सफाईत कळते, आणि नेमकी तीच खालून दिसत नसल्यामुळे तिची कदर होत नाही.

काही वेळा हिरवी झावळी कापावीच लागते. ती विजेच्या तारेवर टेकलेली असते, खिडकीत शिरलेली असते, किंवा वाऱ्याने निम्मी मोडलेली असते. अशा वेळी ती कोठे कापावी याविषयी कृषी संशोधकांचा सल्ला घरमालकाच्या सौंदर्यदृष्टीच्या अगदी विरुद्ध जातो. देठ खोडालगत साफ न छाटता तो किमान १२० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ चार फूट, शिल्लक ठेवावा असे ते सांगतात. कारण लाल सोंड्या भुंगा या किडीत आहे. लांब सोंडेचा हा तांबूस भुंगा ताज्या जखमेच्या वासावर येतो आणि जखमेच्या मऊ भागात अंडी घालतो. अंड्यांतून निघालेल्या अळ्या आतला मऊ गर पोखरत खोडात शिरतात. देठ लांब ठेवला की जखम गाभ्यापासून दूर राहते, आणि पुढे तो तुकडा वाळला की आपोआप सुटतो. सोंड्याची लागण बाहेरून लवकर कळत नाही. खोडाला बारीक भोक, त्यातून चिकट तपकिरी रस, भोकाच्या तोंडाशी चघळून टाकलेले धागे, आणि कान लावला तर आतून अळ्या कुरतडल्याचा आवाज, एवढ्याच खुणा असतात. मधल्या झावळ्या माना टाकू लागल्यावर घरात धावपळ सुरू होते, तेव्हा झाड वाचवण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते.

हीच कीड १९८०च्या दशकाच्या मध्यास आखाती देशांतील खजुराच्या बागांत पोचली आणि १९९०च्या दशकात स्पेनपर्यंत गेली. भूमध्य सागराकाठच्या शहरांत रस्त्यांच्या आणि चौकांच्या शोभेसाठी लावलेली खजूरवर्गीय झाडे तिने मोठ्या प्रमाणात मारली, आणि तेथे झावळ्या छाटायच्या तर त्या भुंगा थंडीने मंदावलेला असताना, हिवाळ्यातच छाटाव्यात असा सल्ला दिला जाऊ लागला. मंचरची थंडी भुंग्याला तितकी थोपवण्याइतकी कडक नसते. म्हणून येथे ऋतूपेक्षा जखम न करणे हाच खरा उपाय ठरतो, आणि केलीच तर तिच्यावर त्याच दिवशी बोर्डोपेस्ट, म्हणजे मोरचूद आणि चुना यांचा दाट लेप, लावणे.

सोंड्याला वाट करून देणारा दुसरा एक कीटक या भागात अधिक आहे, आणि त्याचे घर झाडावर नसून उकिरड्यात असते. गेंड्या भुंगा हा डोक्यावर शिंग असलेला काळा, जाडजूड भुंगा रात्री शेंड्यात शिरतो, न उलगडलेल्या सुईला आडवे भोक पाडून आतला रस चोखतो. ती झावळी पुढे उलगडली की तिची पाती कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखी दिसतात, आणि त्या कापांवरून भुंगा केव्हा येऊन गेला याचा अंदाज बांधता येतो. याची अंडी आणि अळ्या कुजत्या शेणात, पालापाचोळ्यात आणि कुजलेल्या खोडात वाढतात. आंबेगाव आणि जुन्नर तालुक्यांत दावणीला जनावर नाही असा शेतकरी कमी, आणि बहुतेक वस्त्यांवर शेणाचा खड्डा घराच्या मागे, माडापासून हाकेच्या अंतरावर असतो. उसाच्या पट्ट्यातील शेतकऱ्याला खतात पांढरी, इंग्रजी ‘सी’ अक्षरासारखी वळलेली अळी दिसली की तो तिला हुमणी म्हणतो आणि उसाच्या काळजीने अस्वस्थ होतो. परंतु उसाच्या जिवंत मुळ्या खाणारी हुमणी वेगळी आणि कुजके खाऊन वाढणारी, आकाराने बरीच मोठी अशी गेंड्याची अळी वेगळी. पहिलीचा बंदोबस्त शेतात करायचा असतो, दुसरीचा खड्ड्यात. खत खालीवर करून अळ्या वेचणे, कोंबड्यांना तेथे मोकळे सोडणे, खड्डा वेळेवर उपसणे, आणि हिरवी मस्कार्डाइन या बुरशीचे पीठ खतात मिसळणे, कारण ही बुरशी अळीच्या अंगावर वाढून तिला मारते: एवढे झाले तर माडावर चढून करावयाचे अर्धे काम जमिनीवरच उरकते. झाडावर करायचे ते एवढेच, की तारेच्या आकड्याने भोकातला भुंगा ओढून काढावा आणि सुईलगतच्या दोनतीन बगलांत निंबोळी पेंड व बारीक वाळू समप्रमाणात मिसळून भरावी. वाळूचे कण भुंग्याच्या सांध्यांत रुततात, पेंडीचा वास त्याला नकोसा होतो, आणि हे काम साफसफाईच्याच फेरीत होऊन जाते.

पिवळ्या झावळीचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण पिवळे म्हणजे वाया गेलेले असे डोळ्याला वाटते. माडाला पालाश या अन्नद्रव्याची भूक मोठी असते, आणि पालाश झाडाच्या अंगात फिरते असते. ते जमिनीतून कमी पडले तर झाड ते जुन्या झावळ्यांतून काढून नव्यांना पुरवते. म्हणजे खालची झावळी पिवळी पडत असते तेव्हा ती आपल्यातले उरलेसुरले वर पाठवत असते. ती मध्येच कापून टाकली की झाड आपली गरज तिच्या वरच्या झावळीतून भागवू लागते, तीही पिवळी पडते, घरमालक तीही कापायला सांगतो, आणि अशा रीतीने डोके वर्षभरात बोडके होते. यावर कोयता हा उपाय नव्हे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात माडाला वर्षाकाठी शेणखताबरोबर नत्र, स्फुरद आणि पालाश ही तिन्ही हप्त्याहप्त्याने देण्याची शिफारस असते, आणि त्यांत पालाशाचा वाटा नत्राच्या बरोबरीचा असतो. मंचरच्या अंगणात मात्र उसातून उरलेला युरिया तेवढा माडाच्या बुडाशी पडतो. शिवाय माडाची अन्न घेणारी मुळे खोडापासून पाचसहा फुटांच्या वर्तुळात पसरलेली असतात, आणि हल्ली नेमके तेच वर्तुळ पेव्हर ब्लॉक बसवून खोडापर्यंत बंद केले जाते. अंगण धुऊन निघते, पाणी गटारात जाते, आणि झाड भर पाण्याच्या घरात तहानलेले राहते.

आणि तरीही, या मुलखाला ताडवर्गीय झाडांचे काहीच ज्ञान नव्हते असे म्हणणे अन्यायाचे होईल. ओढ्यांच्या काठाने, जुन्या विहिरींच्या कडेला आणि पाणथळ बांधांवर शिंदी, म्हणजे रानटी खजूर, पूर्वापार उभी आहे, आणि तिच्या पानांपासून केरसुणी वळणाऱ्या कारागिरांचा, विशेषतः मातंग समाजातील कुटुंबांचा, या झाडाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध आहे. शिंदीच्या देठाच्या बुडाशी पात्यांचे काटे झालेले असतात, म्हणून पान काढणे हेच कौशल्याचे काम असते. पाने उन्हात वाळवून, चिरून, मुठीएवढ्या जुड्या बांधून लक्ष्मीपूजनाला घरोघर पुजली जाणारी केरसुणी तयार होते. ज्याला पुढच्या वर्षी त्याच शिंदीकडे पुन्हा यायचे असते तो कारागीर तिचा गाभा दुखावत नाही आणि तिला बोडकी करत नाही. झाडाकडून किती घ्यावे याचा त्याचा हिशेब पोटाशी बांधलेला असल्यामुळे तो पक्का असतो. शिंदीचा रस काढणाऱ्यांचेही तसेच. शेंड्याखालचा खोडाचा भाग तासून ते रस घेतात आणि एका वर्षी एका बाजूला, पुढल्या वर्षी विरुद्ध बाजूला असे तासतात, त्यामुळे जुन्या शिंदीच्या खोडाला नागमोडी आकार आलेला दिसतो आणि त्यावरील खाचा मोजून झाड किती वर्षे तासले गेले हे सांगता येते. ताडी आणि नीरा यांवर ब्रिटिश काळात अबकारीचे आणि पुढे १९४९च्या दारूबंदी कायद्याचे नियंत्रण आले, प्लास्टिकच्या झाडूने केरसुणीची बाजारपेठ आखडली, ओढ्यांचे काठ पिकांखाली गेले, आणि शिंदी बऱ्याच ठिकाणी तुटली. तिच्याबरोबर गेले ते नुसते झाड नव्हते. बंगल्यातील माडाला ज्या शहाणपणाची गरज आहे ते शहाणपण त्याच गावच्या ओढ्याकाठी होते, परंतु अंगणातील झाड प्रतिष्ठेचे आणि ओढ्याकाठचे झाड गरिबांचे असल्यामुळे दोघांची गाठ कधी पडली नाही.

शोभेच्या पामांविषयी थोडेच सांगण्यासारखे आहे. मंगल कार्यालयांच्या आणि नव्या वसाहतींच्या दारांत रांगेने लावला जाणारा, गुळगुळीत राखी खोडाचा बॉटल पाम आपली जुनी झावळी हिरव्या वेष्टनासह आपण होऊनच टाकतो, त्यामुळे त्यावर माणूस चढवण्याचे कारणच नसते. झावळी पडणार त्या जागी गाडी लावू नये एवढे पथ्य पुरते. पंख्याच्या पानांचे फॅन पाम मात्र वाळलेली पाने घागऱ्यासारखी अंगावर बाळगतात आणि त्यांत उंदीर व पाली राहतात, म्हणून ती पाने अधूनमधून काढावी लागतात.

चढणाऱ्या माणसाचा विचार न करता झाडाच्या देखभालीविषयी बोलणे अपुरे ठरते. कोकणात आणि गोव्यात हे काम करणाऱ्याला पाडेली असे स्वतंत्र नाव आहे, आणि नाव आहे म्हणून त्याला ओळख आहे. देशावर तो ‘नारळवाला’ किंवा नुसता ‘तो चढणारा’ असतो. खोडाच्या घासण्याने त्याच्या छातीला आणि पायांच्या घोट्यांना घट्टे पडतात, पावसाळी शेवाळाने खोड निसरडे होते, आग्या माश्यांचे पोळे झावळीआड असल्याचे कित्येकदा वर पोचल्यावरच कळते, आणि पडल्यास सामान्यतः त्याच्यामागे विमाही नसतो. केरळात हीच माणसे दुर्मीळ होऊ लागली तेव्हा नारळ विकास मंडळाने २०११ पासून तरुणांना आणि स्त्रियांना पायाच्या शिडीयंत्राने चढण्याचे आणि शेंड्याच्या निगेचे शिक्षण देण्याचा कार्यक्रम सुरू केला; दोन पायऱ्या आणि पोलादी दोर यांच्या या यंत्राने खोडाला खाच न पाडता आणि छाती न घासता वर जाता येते. मंचरसारख्या ठिकाणी माडांची संख्या विखुरलेली आहे, तरी चारपाच गावांच्या बचत गटाने असे एक यंत्र आणि एक सुरक्षापट्टा बाळगावा इतके काम येथे निश्चित आहे. तोवर घरमालकाने पाळण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत: झाडाजवळून तार जात असेल तर आधी वीज बंद करून घ्यावी, ॲल्युमिनियमची शिडी तारेजवळ कधीही उभी करू नये, पावसात कोणाला चढायला लावू नये, आणि मजुरी झावळ्या किती पाडल्या यावर ठरवू नये. शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ढीग पाहून पैसे दिले की ढीगच वाढतो.

काम केव्हा करावे याचे उत्तर या हवेत वर्षातून दोनदा असे आहे. पहिली फेरी उन्हाळ्याच्या अखेरीस, वळवाचे वारे सुरू होण्यापूर्वी, म्हणजे सुट्या झावळ्या आणि पक्व नारळ वादळात पत्र्यावर किंवा माणसावर पडणार नाहीत. ३ जून २०२० रोजी कोकण किनाऱ्यावर आलेले निसर्ग चक्रीवादळ घाट ओलांडून आंबेगाव–जुन्नरपर्यंत नुकसान करत आले तेव्हा या भागालाही वाऱ्याचा असा विचार करावा लागतो हे लक्षात आले. याच फेरीत शेंड्यावर एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, फवारले तर पावसाळ्यात कोंब कुजण्याचा धोका कमी होतो. या रोगात मधली सुई पिवळी पडते, ओढली की हातात येते आणि बुडाशी घाण वास येतो. दुसरी फेरी पावसाळा संपल्यावर करावी. मधल्या काळात, विशेषतः आषाढ–श्रावणात, झावळ्यांच्या टोकांना सुगरणीचे खोपे लटकत असतात. विहिरीवर झुकलेला माड किंवा शिंदी तिला आवडते, आणि पिल्ले उडून जाईपर्यंत त्या झावळ्यांना हात न लावणे एवढी माणुसकी वेळापत्रकात सहज बसते. उंदरांसाठी खोडाला जमिनीपासून सहासात फुटांवर हातभर रुंद पत्र्याचा पट्टा बांधला की तो वर्षानुवर्षे काम देतो, मात्र शेजारच्या भिंतीवरून किंवा आंब्यावरून उडी मारण्याची वाट उरली असेल तर पट्टा व्यर्थ जातो.

पाडलेल्या झावळ्यांचे काय करायचे, हा प्रश्न संध्याकाळी उभा राहतो. बहुतेक घरी त्या कुंपणाबाहेर उसाच्या कडेला ढकलल्या जातात किंवा पेटवल्या जातात. ओली झावळी जळत नाही, नुसती धुमसते. आणि कडेला रचलेला ढीग गेंड्या भुंग्याला, घोणशीला, आणि या दोन तालुक्यांत बिबट्यालाही आडोसा देतो, ज्याच्या भीतीने घराभोवतीचा परिसर मोकळा ठेवण्याविषयी वन विभाग लोकांना वारंवार सांगत असतो. झावळीचे हातभर तुकडे करून तेच माडाच्या आळ्यात, म्हणजे बुडाभोवतीच्या खळग्यात, अंथरले तर उन्हाळ्यात ओल टिकते. त्याखाली सोडणे पालथी न घालता उताणी मांडली तर ती पाणी धरून ठेवतात. देठांचे सरपण होते. आणि पात्यांतून हीर निघतात. एका हाताने पात्याचे टोक धरून दुसऱ्या हातातील विळी मधल्या शिरेलगत सरसर ओढली की दोन्हीकडची हिरवी पट्टी गळून पडते आणि लवचीक, चकचकीत काडी उरते. घरातल्या आजी ओसरीवर बसून बोलता बोलता अशा शेकडो काड्या काढतात, त्या बुडाशी आवळून बांधल्या की खराटा होतो, आणि ज्या झाडाने अंगण भरवले त्याच झाडाच्या खराट्याने ते झाडले जाते.

काही घरांनी अलीकडे आणखी एक साधी सवय लावून घेतली आहे. साफसफाईच्या दिवशी चढणारा खाली उतरण्यापूर्वी सर्वांत नव्या, नुकत्याच उलगडलेल्या झावळीच्या देठावर तैलरंगाचा एक पट्टा ओढतो. पुढील वर्षी त्याच सुमारास तो वर गेला की ती झावळी आडवी झालेली असते, तिच्या बगलेत पोय फुटून पेंड धरू लागलेली असते, आणि तिच्या वर किती नव्या झावळ्या आल्या हे तो बोटांवर मोजून खाली ओरडून सांगतो. बारा आल्या तर झाड खाऊनपिऊन सुखी आहे. आठ आल्या तर कोयता बांधून ठेवायचा, आळे उकरायचे, आणि पालाश केव्हा दिले होते ते आठवायचे.